शिंपल्यांची मोजदाद : तुकडे, वजन आणि किमान प्राणिसंख्या



उत्खननात सापडलेल्या शिंपल्यांवरून माणसाच्या आहाराविषयी विधान करावयाचे असेल, तर प्रथम ते मोजावे लागतात. हे काम दिसते तितके सरळ नाही. ते का, हे या घटकात पाहू.

डेन्मार्कच्या किनाऱ्यावर शिंपल्यांचे मोठमोठे ढीग आहेत. ते समुद्राने टाकले की माणसाने, याचा शोध घेण्यासाठी १८४८ साली प्राणिशास्त्रज्ञ स्टीनस्ट्रप, भूशास्त्रज्ञ फोर्खहामर आणि पुरातत्त्वज्ञ वोर्सो यांची समिती नेमली गेली. ढिगांतील शिंपले बहुतांशी पूर्ण वाढलेल्या प्राण्यांचे होते, निसर्गात एकत्र न राहणाऱ्या जाती तेथे एकत्र होत्या आणि त्यांच्यात दगडी हत्यारे व प्राण्यांची हाडे मिसळलेली होती. त्यामुळे हे माणसाच्या जेवणाचे उकिरडे आहेत, हे सिद्ध झाले. त्यांपैकी एर्टेबोले येथील ढीग सुमारे १४० मीटर लांब आणि जवळजवळ दोन मीटर जाड होता. एवढा ढीग संपूर्ण मोजणे अशक्यच. म्हणून अशा ठिकाणी थरांनुसार ठरावीक आकारमानाचे नमुने घेऊन ते चाळतात. चाळणीची भोके मोठी असतील, तर लहान शंख व ठिसूळ शिंपल्यांचे तुकडे मातीबरोबर निघून जातात आणि ती जात त्या लोकांनी खाल्लीच नव्हती, असा भास होतो. भोकांचे माप अहवालात नोंदवलेच पाहिजे.

मोजण्याची सर्वांत सोपी रीत म्हणजे ओळख पटलेले तुकडे मोजणे. परंतु शिणाण्याच्या पातळ शिंपेचे वीस तुकडे होतात, जाड कालवाचे तीनच. मग आपण प्राणी मोजतो की तुकडे?

या अडचणीवर उपाय म्हणून किमान प्राणिसंख्या काढतात. प्रत्येक प्राण्यात एकदाच असणारा अवयव निवडायचा : शंखात टोक किंवा मधला खांब, दोन शिंपांच्या प्राण्यात बिजागरीचा भाग. डाव्या व उजव्या बिजागऱ्या वेगळ्या मोजून मोठी संख्या घ्यायची. कालवाची खोलगट शिंप डावी, चपटी उजवी, हे ध्यानात ठेवा. समजा, एका नमुन्यात कालवांच्या ४६ डाव्या व ५२ उजव्या शिंपा मिळाल्या, तर किमान ५२ कालवे होती. मात्र तोच नमुना दोन थरांत विभागला आणि वरच्या थरात ३० डाव्या, २० उजव्या, तर खालच्या थरात १६ डाव्या, ३२ उजव्या निघाल्या, तर बेरीज ३० अधिक ३२, म्हणजे ६२ होते. शिंपा त्याच, उत्तर मात्र वेगळे. थर कसे पाडले हे न सांगता दिलेली किमान संख्या म्हणूनच निरुपयोगी असते.

तिसरी रीत वजनाची. तीत बारीक तुकडाही वाया जात नाही व वेळ वाचतो. पण वजन मांसाचे नव्हे, कवचाचे असते. वरील नमुन्यातच ११८ तिसऱ्या होत्या आणि त्यांच्या कवचांचे वजन ४७२ ग्रॅम, तर कालवांचे २,६०० ग्रॅम भरले असे धरा. एकत्र धरलेल्या नमुन्यात संख्येने तिसऱ्या सुमारे ६९ टक्के, वजनाने कालवे सुमारे ८५ टक्के! एकाच उकिरड्यावरून आपण दोन वेगळी गावे उभी करू शकतो. शिवाय जमिनीत चुना विरघळला की वजन घटते, आत माती अडकली की वाढते. वजनापेक्षा मोजणी श्रेष्ठ की उलट, यावर अमेरिकी अभ्यासकांत १९९८ पासून चांगलाच वाद झाला. आमच्या मते दोन्ही आकडे द्यावेत आणि निष्कर्ष कोणत्या आकड्यावर उभा आहे, ते स्पष्ट लिहावे.

ढिगाचा आकार पाहून भुलण्याचाही धोका असतो. जेफ बेली यांनी १९७८ साली दाखवले की एका लाल हरणाइतके उष्मांक मिळवण्यास पन्नास हजारांहून अधिक कालवे लागतील. हरणाची हाडे टोपलीत मावतात, कालवांच्या कवचांची मात्र टेकडी होते. बाजारात तिसऱ्यांचा वाटा घेऊन घरी आलेल्याला हे वेगळे सांगायला नको : खाण्याजोगे किती आणि टाकायचे किती!

शेवटी मापनाविषयी. कॅलिपरने शिंपांची उंची थरानुसार मोजली आणि वरच्या, म्हणजे नंतरच्या थरांत ती घटत गेलेली दिसली, तर अतिरेकी वेचणीचा संशय येतो. तथापि पाण्याचा खारेपणा किंवा तापमान बदलल्यानेही वाढ खुंटते. म्हणून वाढीच्या रेषांवरून वय पाहावे. शिंपा लहान आणि वयानेही कोवळ्या असतील, तर वेचणीचा तर्क बळावतो. वय तेच राहून आकार घटला असेल, तर कारण पाण्यात शोधावे. केवळ अखंड शिंपा मोजू नयेत, कारण मोठ्या व लहान शिंपा सारख्याच प्रमाणात फुटतात असे नाही.

स्वाध्याय : एका नमुन्याच्या वरच्या थरात तिसऱ्यांच्या ४१ डाव्या व ३५ उजव्या, खालच्या थरात २० डाव्या व २९ उजव्या शिंपा आहेत. थर एकत्र धरून व वेगळे धरून किमान प्राणिसंख्या काढा आणि दोहोंतील फरकाचे कारण चार-पाच वाक्यांत लिहा.