पट्ट्याला घातलेला पीळ

दळण आणायला गेल्यावर पिठाच्या गिरणीतला सपाट पट्टा तुम्ही पाहिला असेल. हिंगोली जिल्ह्यात वसमत, सेनगाव, कळमनुरी या भागांत सोयाबीनची मळणी सुरू झाली की इंजिनावर चालणाऱ्या मळणी यंत्रालाही असाच पट्टा लावलेला आढळतो. ऐन सुगीत तो तुटला की खळे थांबते, मजूर बसून राहतात, आणि आभाळ भरून आलेले असेल तर शेतकऱ्याचा जीव टांगणीला लागतो. तेव्हा पट्टा झिजतो कसा, ते पाहू.

पट्टा पुलीला चिकटून फिरतो तो घर्षणामुळे. पण तो थोडा घसरतोच आणि त्याची आतली बाजू झिजते. बाहेरची बाजू मात्र कोरी राहते.

इंजिनाच्या उलट दिशेने यंत्र फिरवायचे असेल, तर पट्टा फुलीसारखा घालतात. त्याला क्रॉस पट्टा म्हणतात. यात पट्टा पुलीला जास्त वेढतो, म्हणून पकड चांगली मिळते. पण मधोमध दोन्ही पदर एकमेकांवर घासतात, आणि प्रत्येक पदराला अर्धा पीळ पडतो. पिळामुळे पट्ट्याच्या कडांना मधल्या भागापेक्षा लांब वाट चालावी लागते. ही वाट किती लांब, हे पायथागोरसच्या प्रमेयाने काढता येते. पट्टा १० सेंटिमीटर रुंद आणि पदर १ मीटर लांब धरा. अर्ध्या पिळात कड सुमारे १५.७ सेंटिमीटरचे अर्धवर्तुळ फिरते. १०० चा वर्ग अधिक १५.७ चा वर्ग, त्याचे वर्गमूळ सुमारे १०१.२. म्हणजे कड सव्वा टक्का जास्त ताणली जाते. आता पदर २ मीटर करा: २००.६, म्हणजे ताण फक्त ०.३ टक्के! अंतर दुप्पट केले, ताण चौथाईवर आला. क्रॉस पट्ट्यासाठी दोन पुल्यांतले अंतर पट्ट्याच्या रुंदीच्या निदान वीसपट ठेवावे, या नियमाचे मर्म इथे आहे. जागा वाचवायला इंजिन यंत्राजवळ ओढणे पट्ट्याला महागात पडते.

आता पट्टा सरळच आहे, दिशा बदलायची नाही, असे समजा. अशा वेळी टोके जोडण्यापूर्वी पट्ट्याला मुद्दाम एक अर्धा पीळ दिला तर? पट्टा एका फेरीत एका बाजूने पुलीला लागेल, पुढच्या फेरीत दुसऱ्या बाजूने. झीज दोन्हींत वाटली जाईल. खरे तर त्याला आता दोन बाजू उरलेल्याच नाहीत! मॉबियस आणि लिस्टिंग या जर्मन गणितज्ञांनी १८५८ मध्ये स्वतंत्रपणे अभ्यासलेली ती हीच पट्टी. अमेरिकेतल्या गुडरिच कंपनीने गरम माल वाहणाऱ्या पट्ट्यासाठी याच कल्पनेचे पेटंट १९५७ मध्ये मिळवले.

मग प्रत्येक गिरणीत हा पीळ का दिसत नाही? एक तर पीळ आला की कडांवरचा ताण आला. म्हणून पदर लांब हवा, आणि पीळ ढिल्या पदरात घातलेला बरा. दुसरे, पट्टा पुलीवर आता कधी या बाजूला वाकतो तर कधी त्या. तार दोन्हीकडे वाकवून तुम्ही तोडली असेलच. पट्ट्याचे धागेही तसेच थकतात. आणि अनेक नवीन पट्ट्यांच्या एकाच बाजूला पकडीचा खास थर असतो. तो उलटवून काय उपयोग? दोन्ही अंगे सारखी असलेल्या रबर-कॅनव्हासच्या पट्ट्यालाच ही युक्ती शोभते. जोडही दोन्हीकडून सपाट लागते, नाहीतर तिची क्लिप एका फेरीआड पुलीवर आपटेल.

चालत्या पट्ट्याजवळ हात किंवा ओढणी नेऊ नका. प्रयोग घरी करा. जुन्या वर्तमानपत्राची लांब पट्टी कापा, अर्धा पीळ देऊन टोके चिकटवा, आणि पेन न उचलता मधोमध रेघ ओढत जा. मग दुसरी पट्टी घेऊन दोन रिळांवर क्रॉस घाला. तिच्या दोन्ही पदरांत पीळ आहे, तरी रिळांना नेहमी तिची एकच बाजू लागते. असे का, ते दोन्ही पदरांतले अर्धे पीळ मोजून ठरवा.