देवाने क्षमा केली, मग बहिणीकडे का जायचे?

प्रश्न : वडिलोपार्जित जमीन विकताना बहिणीचा हिस्सा दिला नाही. प्रार्थनेत पाप कबूल केले आहे. तेवढे पुरे ना? – एक वाचक, कर्जत

उत्तर : कबुली देणाऱ्याला देव क्षमा करतो, हे योहानाच्या पहिल्या पत्रात (1:9) स्वच्छ सांगितले आहे. पण मत्तय 5:23-24 मध्ये येशू अर्पण वेदीपुढेच ठेवून आधी दुखावलेल्या भावाकडे जायला सांगतो. तुमच्या बाबतीत तो भाऊ म्हणजे बहीण. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये 1905 साली पश्चात्तापाची लाट आली, तेव्हा मुलींनी रडत पापे कबूल केली. पण अश्रूंनी हिशेब मिटत नाही, आणि कर्जत-खालापुरात जमिनीला फार्महाउसचा भाव आल्यापासून तो हिशेब मोठाच झाला आहे.

‘म्हणजे क्षमा पैसे भरून मिळवायची का?’ असे कोणी विचारेल. नाही. येशू जकातदार जक्कयाच्या घरी आधी गेला. लुबाडलेले चौपट परत करण्याची भाषा जक्कयाने नंतर केली. परतफेड ही क्षमेची किंमत नव्हे, खऱ्या पश्चात्तापाची खूण. वधस्तंभावरच्या चोराने काहीच फेडले नाही, हेही खरे. पण त्याला वेळच नव्हता. तुम्हाला आहे. पुढच्या प्रभुभोजनाआधी विक्रीचे कागद घेऊन बहिणीच्या घरी जा.