शंकेची नोंद व उत्तराची वही

ऊसतोडीच्या हंगामात आईबापांबरोबर गेलेले मूल गावी परत येते व वर्गात बसू लागते. परंतु यू-डायस प्लसच्या नोंदीत त्याचे नाव दुसऱ्याच शाळेकडे राहिलेले असते. ते आपल्या शाळेकडे कसे आणावे, हे शिक्षक जिंतूरच्या गटसाधन केंद्रास दूरध्वनीने विचारतात. उत्तर मिळते व काम होते. आठ दिवसांनी येलदरीकडील शिक्षक तेच विचारतात, पुढे चारठाण्याकडील. उत्तर देणाऱ्याची बदली झाली म्हणजे उत्तरही त्याच्याबरोबर जाते. आणि मूल तोवर वर्गात असूनही नोंदीत नसते.

या अडचणीवर संगणकाच्या व्यवहारात दोन साधने रूढ आहेत. एक तिकीट-पद्धत. तीत प्रत्येक शंकेस क्रमांक मिळतो. ती कोणाकडे आहे व मिटली की नाही, हे दिसते. दुसरे साधन विकी, म्हणजे अनेकांनी मिळून लिहावयाची व सुधारावयाची वही. अमेरिकेतील वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९५ मध्ये पहिली विकी सुरू केली. हवाई बेटांच्या भाषेत 'विकी' म्हणजे जलद. नुसत्या तिकिटांत उत्तरे पुरली जातात, आणि नुसत्या विकीस शिक्षकांचे खरे प्रश्न कळत नाहीत. म्हणून दोहोंची सांगड हवी.

ती मराठीतच पाहावयास मिळते. मराठी विकिपीडियाचे सदस्य आपल्या अडचणी 'चावडी' नावाच्या पानावर मांडतात. तांत्रिक दोषाची नोंद मात्र फॅब्रिकेटर या वेगळ्या व्यवस्थेत होते. विकिमीडियाने ती २०१४ मध्ये स्वीकारली. तेथील प्रत्येक नोंदीस 'टी' अक्षराने सुरू होणारा क्रमांक असतो, व तो चावडीवरील मजकुरास जोडता येतो. चावडीवर वाचणाऱ्यास दोषाचे पुढे काय झाले, हे त्यावरून कळते.

केंद्रस्तरावर हे काम दोन साध्या वह्यांनीही साधेल. शंका आली की तिला क्रमांक द्यावा व प्रथम उत्तराची वही पाहावी. उत्तर असेल तर त्या पानाचा क्रमांक शिक्षकास कळवावा व शंकेचा क्रमांक त्या पानाच्या समासात टिपावा. उत्तर नसेल तर ते शोधून नवे पान लिहावे. पान लिहिल्यावाचून शंका मिटली असे मानू नये. या शेवटच्या गोष्टीचाच कंटाळा येतो, आणि व्यवस्था मोडते ती तेथेच. संकेतस्थळांच्या रीती वरचेवर बदलत असल्याने पान केव्हा तपासले, ती तारीखही घालावी.

एखाद्या पानाच्या समासात क्रमांकांची गर्दी झाली, तर शिक्षक वाचत नाहीत असा निष्कर्ष घाईने काढू नये. बहुधा पानच दुर्बोध असते. ज्या शिक्षकास ते कळले नाही, त्याच्याच शेजारी बसून ते पुन्हा लिहावे. कोणत्या शाळेने किती शंका विचारल्या याचे कोष्टक मात्र करू नये. तसे झाले की शंका येणेच थांबेल.

मुलाचे नाव, जन्मतारीख व आधार क्रमांक शंकेच्या नोंदीपुरतेच ठेवावेत. सर्वांच्या हाती जाणाऱ्या पानावर केवळ रीत लिहावी.