एका फटीचा धडा : ऑक्सिजन सेन्सर, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि आपले इंजिन

आम्ही इतिहासाचे शिक्षक. मोटारीचे यंत्रशास्त्र हा आमचा विषय नव्हे. तरीही या स्मरणिकेसाठी लेख मागण्यात आला, तेव्हा एखाद्या राजवटीऐवजी गाडीच्या धुराविषयी लिहावे असे आम्ही ठरविले. त्याला कारण आमच्या हातून घडलेली एक चूक आहे. त्या चुकीची झळ लागली ती आपल्याच वसतिगृहातील मुलांना.

वसतिगृहाच्या कामासाठी एक जुनी पेट्रोल व्हॅन होती. आजारी मुलास दवाखान्यात नेणे, मालवणच्या बाजारातून धान्य-भाजी आणणे, ही तिची कामे. देखरेख आमच्याकडे होती. एका पावसाळ्यानंतर गाडीचे ॲव्हरेज घटले, सायलेन्सरमधून कुजक्या अंड्यासारखा वास येऊ लागला आणि चालकासमोरचा इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा विझेनासा झाला. एका गॅरेजवाल्याने निदान केले, "गुरुजीनू, कन्व्हर्टर चोक झालो हा. आतलो दगड फोडून काढूया, गाडी धावतली." नवा कन्व्हर्टर घेण्याचा खर्च मोठा होता. आम्ही होकार दिला. दगड गेला, दिवा मात्र पेटलेलाच राहिला, ॲव्हरेजही सुधारले नाही. उलट गाडीत बसलेली मुले डोके दुखत असल्याचे सांगू लागली.

तो 'दगड' काय होता, हे पुढे आपल्याच एका माजी विद्यार्थ्याने आम्हांस शिकविले. आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा अभ्यासक्रम पूर्ण करून तो कुडाळला काम करतो. त्याच्याकडून जे समजले, आणि नंतर आम्ही जे वाचून ताडून पाहिले, ते येथे मांडीत आहोत.

इंजिनाचा श्वास

चुलीत लाकडे कोंबली आणि हवा कमी पडली की घरभर धूर होतो, हे आपल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. इंजिनाचेही तेच. एक किलो पेट्रोल पूर्ण जळण्यास सुमारे 14.7 किलो हवा लागते. इंधन जास्त झाले तर अर्धवट जळालेला कार्बन मोनॉक्साइड आणि न जळालेले हायड्रोकार्बन बाहेर पडतात. इंधन फार कमी झाले तर ठिणगी पडूनही मिश्रण नीट पेटत नाही आणि इंजिन अडखळते. शिवाय ज्वलनाच्या प्रचंड उष्णतेत हवेतील नायट्रोजन व ऑक्सिजन यांचा संयोग होऊन नायट्रोजनची विषारी ऑक्साइडे तयार होतात. म्हणून हे प्रमाण क्षणोक्षणी सांभाळावे लागते.

हे काम ऑक्सिजन सेन्सरच्या आधारे चालते. धुराच्या नळीत बसविलेला हा बोटाएवढा भाग झिर्कोनिया नावाच्या सिरॅमिक पदार्थाचा असतो. त्याच्या एका बाजूस बाहेरची हवा, दुसऱ्या बाजूस इंजिनाचा धूर. दोन्हींतील ऑक्सिजनच्या तफावतीमुळे त्यात अल्पसा विद्युतदाब निर्माण होतो. धुरात ऑक्सिजन जवळजवळ नसेल, म्हणजे इंधन जास्त असेल, तर सुमारे 0.9 व्होल्ट, ऑक्सिजन उरलेला असेल तर सुमारे 0.1 व्होल्ट. हा निरोप गाडीच्या संगणकाकडे जातो आणि संगणक इंजेक्टर किती वेळ उघडा ठेवायचा ते ठरवितो. सेन्सर तापल्याखेरीज काम करीत नाही; म्हणून त्यात लहानसा हीटर असतो. बॉश कंपनीचा असा सेन्सर 1976 साली व्होल्वोच्या मोटारींत प्रथम बसविला गेला. आज पंपावर मिळणाऱ्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलला हवा थोडी कमी पुरते. तो फरकही गाडी याच निरोपाच्या आधारे जुळवून घेते.

दगड नव्हे, पोळे

आम्ही फोडू दिलेला तो दगड म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचा गाभा होता. मधमाशांच्या पोळ्यासारख्या बारीक नलिकांचे ते सिरॅमिक असते आणि त्यावर प्लॅटिनम, पॅलॅडियम व ऱ्होडियम या मौल्यवान धातूंचा अत्यंत पातळ थर असतो. हे धातू स्वतः खर्ची न पडता रासायनिक क्रिया घडवितात, म्हणून त्यांना उत्प्रेरक म्हणतात. कार्बन मोनॉक्साइडचा कार्बन डायऑक्साइड होतो, हायड्रोकार्बनचे पाणी व कार्बन डायऑक्साइड होते, आणि नायट्रोजनच्या ऑक्साइडांतून निरुपद्रवी नायट्रोजन वेगळा होतो. सुमारे 250 ते 300 अंश सेल्सिअस तापल्यावर हे काम सुरू होते.

येथे एक गोम आहे. पहिल्या दोन क्रियांना ऑक्सिजन हवा असतो, तर तिसरीत तो काढून घ्यायचा असतो. तिन्ही कामे एकाच वेळी साधतात ती हवा-इंधनाचे प्रमाण 14.7 च्या अगदी जवळ असेल तेव्हाच. म्हणजे सेन्सर चुकला की कन्व्हर्टरही निकामी होऊ लागतो. जादा इंधन कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळते, गाभा अतिशय तापतो, प्रसंगी वितळून वाट बुजवितो. मग धूर बाहेर पडण्यास अडतो, इंजिनाला नवी हवा ओढता येत नाही आणि घाटात गाडीचा जोर संपतो. कन्व्हर्टरच्या पुढे बसविलेला दुसरा सेन्सर त्याच्या कामावर लक्ष ठेवतो.

यामागचा इतिहास

हे यंत्र आपल्याकडे आपोआप आले नाही. पूर्वी पेट्रोलमध्ये शिसे मिसळीत. शिसे मुलांच्या मेंदूच्या वाढीस घातक, आणि कन्व्हर्टरच्या धातूंवर थर धरून त्यांनाही निकामी करणारे. एम. सी. मेहता यांनी 1985 साली सर्वोच्च न्यायालयात वाहनांच्या धुराविरुद्ध याचिका केली. 1 एप्रिल 1995 पासून मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना कन्व्हर्टर सक्तीचा झाला व त्यासाठी शिसेविरहित पेट्रोल आले. 2000 साली शिसेयुक्त पेट्रोल देशभर बंद झाले. आपल्या शेजारच्या गोव्यातील माशेलचे सुपुत्र डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने 2002 साली वाहन-इंधन धोरणाचा अहवाल देऊन पुढील टप्पे आखले. 1 एप्रिल 2020 पासून देशभर बीएस-6 मानके लागू झाली. आता नव्या दुचाकीतही सेन्सर व कन्व्हर्टर असतात.

या इतिहासाचा अर्थ आम्हांस असा दिसतो : धूर सोडणारा काच लावून निघून जातो, आणि तो श्वासात घेतो रस्त्याकडेचा भाजीवाला, झाडूवाली, चौकातला पोलीस आणि शाळेत पायी जाणारे मूल. कायद्याने गाडीत बसविलेला तो गाभा त्यांच्यासाठी आहे. आम्ही तो पैसे वाचविण्यासाठी फोडू दिला होता.

खरी फट

माजी विद्यार्थ्याने गाडी पाहिली आणि म्हणाला, "सर, दगड फोडण्याआधी नळी बघायला हवी होती." किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेने इंजिनाजवळच्या धुराच्या नळीचा जोड गंजून तेथे बारीक फट पडली होती. धुराच्या दोन धक्क्यांमधल्या क्षणी त्या फटीतून बाहेरची हवा आत शिरे. पुढचा सेन्सर ती हवा पाहून 'इंधन कमी आहे' असा निरोप देई आणि संगणक इंधन वाढवी. सेन्सर खरेच बोलत होता. त्याच्यापर्यंत पोहोचलेली हवाच खोटी होती. ॲव्हरेज घटले ते यामुळे, कुजका वासही जादा इंधनामुळेच. आणि त्याच फटीतून कार्बन मोनॉक्साइड आसनाखालून गाडीत येत होता. या वायूला रंग नाही, वास नाही; रक्तातील हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. मुलांच्या डोकेदुखीचे कारण समजले तेव्हा आम्ही काही वेळ बोलू शकलो नाही.

जोड बदलला, नवा कन्व्हर्टर बसविला. दिवा विझला, ॲव्हरेज परतले, मुलांची तक्रार थांबली.

वाचकांसाठी

पिवळा दिवा पेटल्यास प्रथम स्कॅनर लावून बिघाडाचा संकेतांक वाचून घ्यावा. पण संकेतांक म्हणजे निकाल नव्हे, तो तपासाचा आरंभ आहे. किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी पावसाळ्यानंतर धुराच्या नळीचे जोड अवश्य पाहावेत. दिवा लुकलुकत असेल व इंजिन अडखळत असेल तर गाडी पुढे रेटू नये; न जळालेले इंधन कन्व्हर्टर जाळते. इंजिन ऑइल जळत असल्यास दुरुस्ती लांबवू नये, कारण त्यातील फॉस्फरस उत्प्रेरकास मारक आहे. गाडीत बसल्यावर वारंवार डोके दुखत असेल तर काचा उघडून थांबावे आणि नळी तपासावी. आणि कन्व्हर्टर पोकळ करून घेण्याचा सल्ला कोणीही दिला तरी मानू नये; ते बेकायदेशीर आहे आणि मूळ रोग तसाच राहतो.

वर्गात आम्ही मुलांना सांगत आलो की ऐकीव गोष्टीवर विसंबू नका, पुरावा तपासा, कारण शोधा. गॅरेजमध्ये उभे असताना आम्ही स्वतःच ते विसरलो. ज्याला ते शिकविले होते, त्याने मात्र लक्षात ठेवले होते. शाळेने काय दिले, असे कोणी विचारल्यास आम्ही त्या बदललेल्या जोडाकडे बोट दाखवू.