पुताईच्या दिवसांत लेकरांना जपा

दसरा उलटला की आपल्या ग्वाल्हेरच्या शिंदे की छावनीत घरोघरी पुताईची लगबग सुरू होते. नवा रंग कोणता लावायचा यावर बराच खल होतो. आईबाबांनो, मला बोलायचंय ते जुना रंग काढण्याबद्दल.

दौलतराव शिंद्यांनी १८१० च्या सुमारास लष्करचा तळ वसवला आणि त्यांच्यामागून आपली मंडळी इथे आली. जुने वाडे आता थोडे उरले, पण जुनी दारं, चौकटी, खिडक्यांचे गज पुष्कळ घरांत आहेत. भिंतींच्या साध्या चुन्याची मला धास्ती नाही. लाकडा-लोखंडाला मात्र ऑइलपेंट, तोही दर लग्नकार्याला नवा हात. रंग खुलावा, लवकर वाळावा म्हणून त्यात शिशाची संयुगं घालत. पिवळ्या, नारिंगी, लाल रंगांत जास्त. घरगुती रंगांत शिसं ९० पीपीएमपेक्षा, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा, जास्त नको असा नियम आपल्याकडे २०१६ साली निघाला आणि नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या थरात शिसं असेल, असं धरूनच चालावं.

घट्ट बसलेला रंग सहसा त्रास देत नाही. त्यावर कोरडा रेगमाल फिरला की भुकटी उडते. फरशीवर, गादीवर, खेळण्यांवर बसते. रांगणारं मूल फरशीवर टेकलेला हात तसाच तोंडात घालतं. पोटात गेलेलं शिसं मोठ्यांपेक्षा लहानांच्या अंगात चार-पाच पट जास्त मुरतं, हाडांत साठतं आणि मेंदूच्या वाढीच्या आड येतं. सुरक्षित म्हणावी अशी त्याची मात्राच नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. बरं, ना ताप येतो ना पुरळ. मूल चिडचिडं होतं, त्याचं लक्ष लागत नाही, आणि आपण त्यालाच बोल लावत बसतो.

तेव्हा एवढं करा. थर पक्का असेल तर खरवडूच नका, वरून नवा हात द्या. पोपडे सुटले असतील तर पाणी मारून ओलंच घासायला सांगा. रंग जाळून काढू देऊ नका. खाली प्लॅस्टिक अंथरा, अंथरुणं-खेळणी आधीच हलवा. नंतर केरसुणी नको, ओल्या फडक्यानं दोनदा पुसा. तान्ही बाळं, लहान मुलं आणि गरोदर बाई यांना तेवढे दिवस आजोळी पाठवा. डब्यावर शिशाबद्दल काय लिहिलंय तेही वाचून घ्या. शंका असेल तर बालरोगतज्ज्ञांना विचारा. रक्तातलं शिसं तपासता येतं.

रंग सोडूनही शिसं घरात येतं. मारुतीच्या मूर्तीला लावतात तो पारंपरिक शेंदूर शिशाचाच ऑक्साइड. नमस्कार जरूर करू द्या, पण घरी आल्यावर हात धुवा. सुरम्यातही शिसं असू शकतं. बाळाचे डोळे त्याशिवायही सुंदरच दिसतात.

पुताई आटोपते तोवर ग्वाल्हेरची थंडी येते, तेव्हा आणखी एका धोक्यापासून जपा. कोळशाची शेगडी बंद खोलीत ठेवून कुणीही झोपू नये. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना वास ना रंग, आणि झोपलेल्या माणसाला जाग येईलच असं नाही. गॅस गिझर असलेल्या न्हाणीघराची खिडकीही उघडी हवी.

आणि पुताईबद्दल शेवटचं एक, रंगारीदादांनाही शिशाचं हे सांगा. दिवसभर रंगाची भुकटी त्यांच्याच नाकातोंडात जाते आणि संध्याकाळी कपड्यांवरून त्यांच्या घरी पोहोचते. चांगला मास्क आपणच आणून द्या, निघण्याआधी हातपाय धुवायला आणि कपडे बदलायला जागा द्या. ओलं घासायला वेळ लागतो, तेव्हा एका दिवसाची मजुरी जास्त पडली तर घासाघीस करू नका. लेकरं त्यांनाही आहेत.