संगणक आज्ञावली : प्राथमिक अभ्यासक्रमाचे मर्म

कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत १९६३ साली आयबीएम १६२० हा संगणक बसविण्यात आला आणि तेथे फोरट्रान भाषेचे अध्यापन सुरू झाले. त्या काळी मोजक्यांनाच मिळणारे हे शिक्षण २०१७ साली सुरू झालेल्या ‘स्वयम्’ या केंद्र शासनाच्या ऑनलाइन व्यासपीठामुळे सर्वांसाठी खुले झाले आहे. तेथील अभ्यासक्रम विनामूल्य असून प्रमाणपत्रासाठी शुल्क भरून परीक्षा द्यावी लागते.

चल, अट, पुनरावर्तन व फंक्शन हे प्राथमिक अभ्यासक्रमाचे प्रमुख घटक होत. तथापि, भाषेचे नियम म्हणजे प्रोग्रामिंग नव्हे. समस्येची क्रमबद्ध पायऱ्यांत मांडणी करणे, म्हणजेच अल्गोरिदम रचणे, हे त्याचे मर्म होय.

उदाहरणार्थ, वर्णानुक्रमे लावलेल्या १,००० नावांच्या यादीतून एक नाव शोधावयाचे आहे. एकेक नाव पाहत गेल्यास १,००० वेळा तुलना करावी लागू शकते. याउलट, प्रत्येक वेळी मधले नाव पाहून यादीचा निम्मा भाग वगळल्यास जास्तीत जास्त १० तुलना पुरतात. दहा लाख नावांसाठीही २० पुरेशा ठरतात. मात्र यादी क्रमवार नसेल तर ही पद्धत निरुपयोगी ठरते.

तयार आज्ञावली पाठ करणारा विद्यार्थी ही अट बदलताच अडखळतो. म्हणून प्रत्येक आज्ञावली प्रथम कागदावर पायरीपायरीने तपासावी, चलांच्या बदलत्या किमती लिहाव्यात आणि मगच ती संगणकावर चालवावी. व्याख्याने ऐकून विषय समजतो. तो आत्मसात होतो तो मात्र स्वतः सोडविलेल्या उदाहरणांतूनच.