डिझेल इंजिनाला भरपूर, गार व स्वच्छ हवा कशी द्याल?

ट्रॅक्टर चढावर दमू लागला किंवा विहिरीवरील इंजिन काळा धूर ओकू लागले, की "इंजिनाला हवा कमी पडते" असे आपण म्हणतो. हे निदान पुष्कळदा बरोबर असते, पण त्यावर जे घरगुती उपाय केले जातात ते मात्र सगळेच बरोबर नसतात. कोणी एअर क्लिनर काढून ठेवतो, कोणी त्याच्या डब्याला भोके पाडतो, तर कोणी हवेच्या तोंडाशी बॅटरीवरचा पंखा बसवतो. यांपैकी काही उपाय निरुपयोगी आहेत आणि काही तर एका हंगामात इंजिन बोअरला आणणारे आहेत. म्हणून हवेचा हिशेब नीट समजून घेऊ या.

इंजिन किती हवा घेते?

एक लिटर डिझेल पूर्ण जळण्यासाठी सुमारे १२ किलो, म्हणजे १० हजार लिटरहून अधिक हवा लागते. प्रत्यक्षात डिझेल इंजिन याहून बरीच जास्त हवा ओढते. अडीच लिटर क्षमतेचे, चार स्ट्रोकचे ट्रॅक्टरचे इंजिन मिनिटाला २००० फेरे फिरत असेल, तर ते दर मिनिटाला सुमारे २००० लिटर हवा आत घेते. डिझेलच्या २०० लिटरच्या पिंपाने मोजल्यास ही दहा पिंपे हवा झाली, तीही दर मिनिटाला.

गार हवा दाट असते आणि तापलेली हवा विरळ असते. हवेचे तापमान ३ अंशांनी वाढले, की तेवढ्याच जागेत मावणारी हवा सुमारे १ टक्क्याने कमी होते. बाहेर सावलीत ३५ अंश सेल्सिअस तापमान असताना इंजिन जर शेडमधील ६० अंशांची हवा ओढत असेल, तर त्याला ७ ते ८ टक्के हवा कमी मिळते. डिझेल मात्र पंपातून तेवढेच येते. ते अर्धवट जळते व काळ्या धुराच्या रूपाने तुमचा पैसा बाहेर जातो.

पंखा बसवून हवा कोंबता येईल का?

वातावरणाचा दाब पाण्याच्या सुमारे १० मीटर उंचीच्या स्तंभाइतका असतो. साध्या पंख्याने निर्माण होणारा दाब पाण्याच्या काही मिलिमीटरइतकाच असतो, म्हणजे एक टक्क्याचाही फायदा नाही. उलट पंख्याची हवा इंजिनाच्या ओढीपेक्षा कमी पडली, तर त्याची पातीच वाटेत अडथळा होतात.

टर्बोचार्जर हे काम कसे करतो? स्वित्झर्लंडचे अभियंता आल्फ्रेड ब्युखी यांनी १९०५ मध्ये या कल्पनेचे पेटंट घेतले. सायलेन्सरकडे जाणाऱ्या गरम वायूवर एक चक्र फिरते व त्याच दांड्यावरील दुसरे चक्र हवा दाबून इंजिनात भरते. लहान टर्बोची चक्रे मिनिटाला एक लाखाहून अधिक फेरे घेतात. वर सांगितलेल्या इंजिनाला वातावरणाच्या दीडपट दाबाने हवा द्यायची, तर दाबयंत्राला ४ ते ५ अश्वशक्ती लागते. ट्रॅक्टरचा १२ व्होल्टचा, ३५ अँपिअरचा अल्टरनेटर जेमतेम अर्धी अश्वशक्ती देतो. तेव्हा बॅटरीवरच्या पंख्याने टर्बोचे काम होणे नाही.

दुसरी गोष्ट अशी, की इंजिन धूर न सोडता चालत असेल, तर त्याला डिझेलच्या मानाने हवा पुरेशी आहे. नुसती जास्त हवा दिल्याने ताकद वाढत नाही. ताकद वाढवायची तर डिझेलही वाढवावे लागते. तसे पंपाचे सील तोडून केले, तर पिस्टन, व्हॉल्व्ह आणि हेड गॅस्केट यांवर त्यांना न पेलणारा ताण येतो.

एअर क्लिनर कधीही काढू नये

आपल्या जमिनीच्या धुळीत वाळूचे कण असतात. मळणीच्या वेळी किंवा चैत्र-वैशाखात नांगरटीच्या वेळी ट्रॅक्टर धुळीच्या ढगातच चालतो. ही धूळ आत गेली, की तेलात मिसळून लायनर व रिंगा घासते. मग कॉम्प्रेशन जाते, इंजिन तेल खाते, निळा धूर येतो आणि सकाळी ते सुरू होत नाही. क्लिनर काढल्यावर पहिल्या दिवशी इंजिन हलके वाटले, तर त्याचा अर्थ क्लिनर तुंबला होता एवढाच घ्यावा. तो साफ करावा, काढू नये.

हवेची वाट मोकळी ठेवण्याचे उपाय

१. प्री-क्लिनरची वाटी रोज पाहावी. खुणेपर्यंत धूळ साचली, की रिकामी करावी.

२. ऑईल बाथ क्लिनरमधील तेलाची पातळी रोज पाहावी. तेल घट्ट झाले किंवा तळाशी गाळ साचला, तर वाटी डिझेलने धुऊन नवे तेल खुणेपर्यंतच भरावे. धुळीच्या कामात हे लवकर लवकर करावे लागते. वरची जाळीही डिझेलमध्ये धुऊन निथळू द्यावी. तेल खुणेच्या वर कधीही भरू नये. जादा तेल इंजिन ओढून घेते व त्यावरच बेफाम पळू लागते.

३. कागदी फिल्टर डिझेल किंवा पेट्रोलने धुऊ नये. कमी दाबाची हवा आतून बाहेर मारून तो साफ करावा. आतला दुसरा लहान फिल्टर साफ न करता मुदतीत बदलावा. फाटलेला फिल्टर फिल्टर नसल्यासारखाच समजावा.

४. क्लिनर ते इंजिन या दरम्यानचा रबरी होज व क्लिपा तपासाव्यात. येथे चीर असेल, तर धूळ गाळली न जाता थेट आत जाते. टर्बो नसलेल्या इंजिनासाठी सोपी परीक्षा अशी: इंजिन मंद चालू ठेवून हवेच्या तोंडावर सपाट फळी ठेवावी. हाताचा पंजा ठेवू नये. इंजिन लगेच बंद पडले, तर वाट ठीक आहे. चालूच राहिले, तर कोठून तरी चोरवाटेने हवा येत आहे.

गार हवा देण्याचे घरगुती उपाय

विहिरीवरील इंजिनघरात फायदा सर्वांत जास्त होतो. समोरासमोर दोन खिडक्या ठेवाव्यात व एक वरच्या बाजूस झरोका द्यावा. सायलेन्सरचा पाइप भिंतीबाहेर, वाऱ्याच्या खालच्या बाजूस काढावा. तरीही शेड तापत असेल, तर हवा बाहेरून आणणारा पाइप क्लिनरच्या आधी, क्लिनर जागेवर ठेवूनच जोडावा. त्याचा व्यास क्लिनरच्या तोंडापेक्षा कमी नको. लांबी जास्त असेल, तर एक माप मोठा घ्यावा. वळणे कमी ठेवावीत. पाइप ओढीने चपटा होणार नाही इतका जाड असावा. तोंड सावलीच्या बाजूस, जमिनीपासून उंच, खाली वळवलेले व जाळी लावलेले असावे.

जीप किंवा मोटारीत हवेचे तोंड कारखान्याने बहुधा पुढच्या जाळीजवळ ठेवलेले असते. दुरुस्तीत तो होज निघून पडला, की इंजिन बॉनेटखालची तापलेली हवा ओढते. तो परत नीट बसवावा, एवढाच उपाय. तोंड बंपरखाली आणू नये. ओढा ओलांडताना तेथून पाणी सिलिंडरमध्ये गेले, तर पाणी दाबले जात नसल्याने कनेक्टिंग रॉड वाकतो.

रेडिएटरच्या जाळीत अडकलेले काड, भूस रोज काढावे आणि पंख्याचा पट्टा योग्य ताणात ठेवावा. हा पंखा सिलिंडरमध्ये हवा भरत नाही, पण इंजिन थंड ठेवण्याचे काम त्याच्यावरच आहे.

ज्यांच्या ट्रॅक्टरला टर्बो आहे त्यांनी जड कामानंतर इंजिन एकदम बंद न करता एक-दोन मिनिटे मंद चालवावे. टर्बोच्या बेअरिंगला त्या वेळी तेल मिळत राहते.

थोडक्यात

काळा धूर दिसला, की प्रथम क्लिनर पाहा, मग होज पाहा, मग शेडमधील उष्णता पाहा. हे तीनही ठीक असून धूर येत असेल, तर नोझल व पंप जाणकार मेस्त्रीकडून तपासून घ्या. या कामांना वाटीभर डिझेल, थोडे तेल आणि रोजची दहा मिनिटे लागतात. ती वाचवण्यासाठी क्लिनर काढून ठेवला, तर पुढच्या हंगामात ऐन पेरणीच्या वेळी ट्रॅक्टर मेस्त्रीच्या दारात उभा असेल.